दगड खात्याचा, क्रशर तुमचा: गोव्यात खडी फोडण्याच्या सरकारी निविदेत पात्र कसं ठरायचं

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत दगड ओळखणारी माणसं आहेत. काळा दगड कुठे कडक आहे, कुठे त्यात माती भरलेली आहे, जॉच्या (म्हणजे दगड चावून फोडणाऱ्या पहिल्या क्रशरच्या) प्लेटा किती दिवस टिकतील, हे ती ढिगाकडे बघून सांगतात. तरीही एखाद्या खात्याची खडी फोडून देण्याची निविदा निघते, तेव्हा यांतली बरीच माणसं तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधी पात्रतेचे कागद तपासतात तिथेच, बाद होतात. त्यांचा दर काय होता हे कुणाला कळतही नाही. क्रशर असतो, अनुभव असतो, माणसं असतात. कमी पडतो तो कागद, आणि बहुतेक वेळा कागद नसतोच असंही नाही. तो निविदेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, एवढंच. मला हे फार लागतं, कारण काम नेमकं त्यांच्याच हातचं असतं.

समजावण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. पेडणे तालुक्यात एका खात्याकडे खोदकामातून निघालेला काळा दगड पडून आहे. त्याची २०,००० घनमीटर खडी वेगवेगळ्या मापांत फोडून, चाळून, रचून द्यायची आहे. अंदाजित रक्कम १.५० कोटी रुपये, मुदत सहा महिने. उदाहरण काल्पनिक आहे, पण अटी अशाच धाटणीच्या असतात. प्रत्येक खात्याच्या अटींतले टक्के थोडे इकडे-तिकडे होतात, त्यामुळे तुमच्या हातातल्या निविदेत जे छापलंय तेच खरं मानायचं.

आधी ठरवा, दगड कोणाचा

निविदेचं नाव काहीही असो, पहिल्यांदा एवढंच शोधा: फोडायचा दगड खात्याचा आहे की तो तुम्ही आणायचाय? पुढच्या जवळजवळ सगळ्या अटी या एका गोष्टीवर फिरतात.

दगड तुमचा असेल तर ती खडी पुरवठ्याची निविदा. मग दगडखाणीचा परवाना, ‘गोवा गौण खनिज सवलत नियम, १९८५’ खालची कागदपत्रं, रॉयल्टी भरल्याच्या पावत्या, हे सगळं पात्रतेत येतं. खाण तुमची नसेल तर खाणवाल्याशी केलेला करार आणि त्याच्या परवान्याची प्रत लागते.

दगड खात्याचा असेल तर तुम्ही विकता ती फोडण्याची मजुरी. खाणीचा प्रश्न उरत नाही, पण यंत्र त्या जागेवर नेऊन चालवायचं असल्यामुळे प्रदूषण मंडळाची त्या जागेसाठीची संमती आणि यंत्राची क्षमता यांवर सगळा जोर येतो. जीएसटीतही फरक पडतो. स्वतःचा माल विकला तर तो वस्तूंचा पुरवठा, दुसऱ्याच्या मालावर प्रक्रिया करून दिली तर ती सेवा. दर भरण्याआधी हे सीएशी बोलून घ्या.

रॉयल्टीबद्दल मोघम राहू नका. खोदकामातून निघालेल्या दगडाची रॉयल्टी खात्याने भरलीय, खातं भरणार आहे की तुमच्या बिलातून कापणार आहे, हे निविदेत स्पष्ट नसेल तर प्री-बिड मीटिंगमध्ये (बोली भरण्याआधी शंका विचारण्याच्या बैठकीत) लेखी विचारा आणि उत्तर शुद्धिपत्रकात, म्हणजे निविदेतल्या बदलांच्या अधिकृत पत्रकात, येईल असं बघा. मीटिंगमध्ये अधिकाऱ्याने तोंडी दिलेल्या उत्तराला बिल काढताना काहीच किंमत नसते. गोव्यात खनिजाचा साठा आणि वाहतूक यांसाठी २०१३चे बेकायदा खाणकाम, साठवण आणि वाहतूक प्रतिबंधक नियम आहेत. फोडलेली खडी ढिगावरून दुसरीकडे न्यायची असेल तर तिचा वाहतूक पास कोण काढणार हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

निविदा वाचायची कशी

राज्य सरकारच्या खात्यांच्या निविदा राज्याच्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवर येतात. सार्वजनिक बांधकाम खातं आल्तिनोला, जलस्रोत खातं पर्वरीला, पण निविदा काढणारा विभाग कुठलाही असू शकतो. मुरगाव बंदर किंवा कोकण रेल्वेसारख्या केंद्राच्या संस्थांचे नियम वेगळे आणि पोर्टलही बऱ्याचदा वेगळं.

बहुतेक जण आधी बीओक्यू (कामाच्या बाबी, प्रमाण आणि दर यांचा तक्ता) उघडून दर काढायला बसतात. तुम्ही आधी निविदा सूचना वाचा, मग पात्रतेचं प्रकरण, मग विशेष अटी, आणि शेवटी बीओक्यू. पात्रतेच्या पानांवर पेन्सिलीने प्रत्येक अटीसमोर लिहा: हे दाखवणारा कागद कोणता, कोणी दिलेला, कोणत्या तारखेचा. ज्या अटीसमोर जागा कोरी राहते तिथेच तुमचा पुढचा आठवडा जाणार. शुद्धिपत्रकं शेवटच्या दिवसापर्यंत येतात, म्हणून अपलोड करण्याच्या आदल्या संध्याकाळी पोर्टल पुन्हा बघा. एखादी पात्रतेची अट बदललेली असू शकते.

तुम्ही कोण: हा भाग लवकर उरकतो

पॅन, जीएसटी नोंदणी, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचं मुखत्यारपत्र. खात्याकडे कंत्राटदार म्हणून नोंदणी मागितली असेल तर वर्ग आणि मुदत दोन्ही तपासा. वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते, आणि नूतनीकरणाचा अर्ज केलाय एवढं पुरत नाही, असं बऱ्याच निविदा स्पष्ट लिहितात.

नावाचं मात्र बघा. पॅनवर एक नाव, जीएसटीवर ‘ट्रेडर्स’ जोडलेलं नाव, क्रशरच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीवर वडिलांचं नाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. व्यवसाय वडिलांकडून मुलाकडे आला, कागद मात्र तिथेच राहिले. बोली मुलाच्या नावाने आणि संमती वडिलांच्या नावाने असेल, तर तपासणाऱ्याच्या नजरेत ती दोन वेगळी माणसं आहेत. हस्तांतर रीतसर करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून निविदा निघण्याची वाट न बघता आत्ताच करून टाका.

अनुभव: सगळ्यात जास्त बोली इथे पडतात

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची पद्धत बरीच खाती थोड्याफार फरकाने वापरतात. गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेली ‘समान स्वरूपाची’ तीन कामं, प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्के. किंवा दोन कामं, प्रत्येकी ६० टक्के. किंवा एकच काम ८० टक्क्यांचं. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२च्या सूचनेत दोन कामांसाठी हा आकडा ५० टक्के आहे, त्यामुळे काही निविदांत ५० दिसतो. आपल्या उदाहरणात १.५० कोटींवर हिशेब असा: ६० लाखांची तीन, नाहीतर ९० लाखांची दोन, नाहीतर १.२० कोटींचं एक.

सात वर्षं कुठपासून मोजायची? साधारणपणे निविदा निघाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून मागे. काम सुरू कधी झालं याला महत्त्व नाही, पूर्ण झाल्याची तारीख या खिडकीत बसली पाहिजे.

जुन्या कामाची रक्कम आजच्या पातळीवर आणायची सोय असते, आणि ती फार थोडे लोक वापरतात. केंद्राच्या पद्धतीत काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून बोली स्वीकारण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत दरसाल ७ टक्के सरळ वाढ धरतात. चार वर्षांपूर्वी पूर्ण केलेलं ८० लाखांचं काम घ्या. चार वर्षांची वाढ २८ टक्के, म्हणजे ते आज १.०२ कोटींहून थोडं जास्त धरलं जाईल. ८० लाखांत ते ९० लाखांच्या अटीला कमी पडत होतं, आता बसतं. निविदेत ही तरतूद असेल तर तो हिशेब स्वतः मांडून जोडा. तपासणारा तुमच्यासाठी गणित करेल या भरवशावर राहू नका.

आता ‘समान स्वरूपाचं काम’ म्हणजे काय. ही व्याख्या निविदेत एका ओळीत असते आणि तीच सगळं ठरवते. ‘दगड फोडून खडी तयार करणे’ असं लिहिलं असेल आणि तुमच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर ‘२० मिमी खडीचा पुरवठा’ असेल, तर तुम्ही ती खडी स्वतःच्या क्रशरवर फोडून दिली होती हे त्या कागदावर कुठेच नाही. मग काय करायचं? ज्या कामाचं बीओक्यू किंवा करारपत्र आहे त्यात फोडण्याची बाब वेगळी असेल तर ते दाखल्याला जोडा. नसेल तर दाखला देणाऱ्या कार्यालयाकडे जाऊन कामाचं वर्णन, फोडलेलं प्रमाण आणि मापं नमूद करणारा सुधारित दाखला मागा. कामाची नोंदवही आणि बिलं त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे नोंदीत जे आहे ते लिहून द्यायला अडचण नसते. फक्त ही मागणी निविदा निघाल्यावर नव्हे, काम संपल्याच्या महिन्यातच करायची असते. तोच अधिकारी असतो आणि त्याच्या लक्षात काम ताजं असतं.

व्याख्या विनाकारण अरुंद वाटली तर प्री-बिडमध्ये लेखी मांडा. ‘मोबाइल क्रशरवर फोडलेली खडी’ असं लिहून स्थिर क्रशरचा अनुभव बाहेर ठेवला असेल, तर का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नम्रपणे, कारण देऊन, आणि एकट्याने न विचारता दोघा-तिघांनी विचारलं तर खातं विचार करतं.

दाखल्यात काय काय हवं: कामाचं नाव, करार क्रमांक, कराराची आणि प्रत्यक्ष झालेली रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, काम समाधानकारक झाल्याचा शेरा, आणि सही कार्यकारी अभियंता किंवा त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याची. सहाय्यक अभियंत्याने दिलेला दाखला बऱ्याच ठिकाणी चालत नाही. खासगी काम दाखवायचं असेल तर नुसत्या वर्क ऑर्डरवर भागत नाही. त्या मालकाने कापलेल्या टीडीएसची प्रमाणपत्रं मागितली जातात, म्हणजे रोखीने झालेलं काम कितीही मोठं असलं तरी मोजलं जात नाही. मोठ्या कंपनीचा उपकंत्राटदार म्हणून खडी फोडली असेल तर मूळ मालक खात्याने ते उपकंत्राट मंजूर केल्याचं पत्र लागतं. गेल्या काही वर्षांत महामार्ग आणि पुलांच्या कामावर गोव्यातल्या अनेकांनी असं काम केलंय, पण पत्र घेतलेले मोजकेच.

काही निविदा रकमेबरोबर प्रमाणही मागतात, उदाहरणार्थ कुठल्याही एका वर्षात अमुक घनमीटर खडी. इथे ब्रास अडवतो. आपला सगळा व्यवहार ब्रासमध्ये चालतो, चलनंही ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. उदाहरणातली २०,००० घनमीटर खडी साधारण ७,०६५ ब्रास भरते. ब्रासमधला दाखला द्यायचा असेल तर शेजारी रूपांतर करून सीएची किंवा अभियंत्याची सही घ्या.

पैसा: उलाढाल पास, बोली-क्षमता नापास

सरासरी वार्षिक उलाढाल गेल्या तीन आर्थिक वर्षांची, आणि ती अंदाजित रकमेच्या ३० टक्के, ही जुनी रुळलेली अट. आपल्या उदाहरणात ४५ लाख. क्रशर चालवणाऱ्याला ती फारशी जड नाही. बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला (तुमची आर्थिक ऐपत सांगणारा) ४० टक्क्यांचा मागितला तर ६० लाख. तो कुठल्या बँकेचा चालतो आणि किती महिन्यांपूर्वीचा चालतो, हे वाचा. गोव्यात सहकारी बँकांत खातं असणारे खूप आहेत आणि काही निविदा शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, बँकेचाच दाखला मागतात. गेल्या पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त वर्षं तोटा नसावा, अशीही अट असते.

सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा १८ आकडी क्रमांक हवा. सनदी लेखापालांच्या संस्थेने प्रमाणपत्रांसाठी तो १ फेब्रुवारी २०१९ पासून बंधनकारक केला आहे. तपासणारा अधिकारी तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघतो, आणि तिथे वेगळी रक्कम दिसली तर प्रश्न निव्वळ अपात्रतेचा राहत नाही, खोट्या कागदाचा होतो.

खरी अडचण बोली-क्षमतेच्या सूत्रात आहे, आणि छोट्या मुदतीच्या खडी फोडण्याच्या कामात ती इतकी नकळत अडकवते की इथे थोडं थांबून बघू. सूत्र असं: गेल्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी वार्षिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले निविदेत दिलेला गुणक, आणि त्यातून वजा हातातल्या चालू कामांची त्याच मुदतीत होणारी रक्कम. गुणक बहुधा दीड किंवा दोन.

समजा तुमची सर्वांत मोठी उलाढाल १.२० कोटी. मुदत सहा महिने, म्हणजे ०.५. गुणक दीड. गुणाकार आला ९० लाख. हातात ४० लाखांचं काम चालू आहे, ते वजा केलं की उरले ५० लाख. काम १.५० कोटींचं. बाद. गुणक दोन धरला तरी ८० लाख. हातात एकही काम नसलं आणि गुणक दोन असला, तरी सहा महिन्यांच्या या कामासाठी एका वर्षाची उलाढाल किमान १.५० कोटी लागते. उलाढालीची सरासरी अट ४५ लाखांत सुटली होती, आणि हे सूत्र तिच्या तिपटीहून जास्त मागतंय. पावसाळ्याआधी काम संपवायचं म्हणून खातं मुदत छोटी ठेवतं, आणि त्या छोट्या मुदतीमुळे स्थानिक क्रशरवाला आपोआप बाहेर पडतो. हे प्री-बिडमध्ये आकड्यांसह मांडण्यासारखं आहे. मुदत सहाऐवजी नऊ महिने करा, किंवा काम दोन भागांत काढा, अशी विनंती करता येते. संयुक्त बोलीला परवानगी असेल तर दोन क्रशरवाल्यांनी एकत्र यावं, पण भागीदारांच्या क्षमता कशा जोडायच्या ते निविदेत वाचूनच.

चालू कामांची यादी लपवू नका. तीच कामं दुसऱ्या विभागाच्या नोंदीत असतात, आणि गोव्यात विभाग एकमेकांना विचारतात.

यंत्र: आहे हे दाखवणं आणि पुरेल हे दाखवणं

मालकीचा पुरावा म्हणजे खरेदीचं बिल, यंत्राचा अनुक्रमांक, बनावटीचं वर्ष, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र. भाड्याचं असेल तर भाडेकरार याच निविदेसाठी आहे हे निविदा क्रमांकासह लिहिलेलं हवं, आणि मालकाने तेच यंत्र त्याच मुदतीसाठी दुसऱ्याला दिलेलं नाही अशी हमी. एकाच यंत्राचे दोन बोलीदारांनी जोडलेले करार समोर आले तर दोघांनाही उत्तर द्यावं लागतं.

क्षमतेचं गणित स्वतः करून जोडा. फोडलेल्या काळ्या दगडाचं वजन घनमीटरला साधारण १.६ टन धरलं तर २०,००० घनमीटर म्हणजे ३२,००० टन. सहा महिन्यांत पाऊस, बिघाड, सणवार, ढीग हलवण्याचे दिवस वगळून १०० कामाचे दिवस आणि दिवसाला आठ तास मिळाले, तर तासाला ४० टन प्रत्यक्ष बाहेर पडले पाहिजेत. पाटीवर लिहिलेली क्षमता आणि पट्ट्यावरून उतरणारी खडी यांत फरक असतो, विशेषतः ३० मिमीखालचं माप जास्त असेल तेव्हा. त्यामुळे पाटीवर ६० टन असलेलं यंत्र इथे बरोबर. जॉ क्रशर, दुसऱ्या टप्प्याचा कोन क्रशर, चाळणी, फीडर, जनरेटर, लोडर, पाण्याचा टँकर, सगळं एकाच तक्त्यात लिहा.

खडीची गुणवत्ता पात्रतेत क्वचित येते, पण प्रयोगशाळेची सोय मागतात. काँक्रीटसाठीची खडी आयएस ३८३ प्रमाणे, चाचण्या आयएस २३८६ प्रमाणे. खडी चपटी आणि लांबोळकी येते की घनाकार, हे जॉनंतर कोन किंवा व्हीएसआय (खडीला घनाकार देणारा क्रशर) आहे की नाही यावर बरंच अवलंबून असतं. फक्त जॉ असलेल्या क्रशरवाल्याने रस्त्याच्या कामाची खडी असलेली निविदा भरण्याआधी चपटेपणाची मर्यादा बघून घ्यावी.

संमती: ती यंत्राला नसते, जागेला असते

गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय साळगावला आहे. जल अधिनियम १९७४ आणि वायू अधिनियम १९८१ खाली तिथून क्रशर उभारण्याची आणि चालवण्याची संमती मिळते. प्रदूषणाच्या प्रमाणावरून उद्योगांचे जे रंगांचे वर्ग पाडलेत त्यांत दगड क्रशर नारिंगी वर्गात मोडतो.

पात्रतेत लोक आपल्या क्रशरची चालू संमती जोडतात आणि निश्चिंत होतात. पण डिचोलीतल्या क्रशरची संमती डिचोलीतल्या त्या सर्व्हे नंबरसाठी असते. पेडण्यातल्या ढिगाजवळ तेच यंत्र नेलं की ती संमती तिथे लागू होत नाही. निविदा दोन पद्धतीने लिहिलेल्या असतात. काहींत चालू संमती म्हणजे नियम पाळणारा क्रशरवाला असल्याचा पुरावा, आणि नव्या जागेची संमती काम मिळाल्यावर काढायची. काहींत दगड तुमच्या क्रशरवर न्यायचा, मग तुमची संमती थेट लागते आणि अंतर पात्रतेची अट होते. पहिल्या प्रकारात जागेची संमती कोण काढणार, तोवर मुदत चालू राहणार का, हे आधीच विचारा. ही गोष्ट न विचारल्याने कामाचे महिने हातचे जातात.

संमतीची मुदत बोली उघडण्याच्या दिवशी चालू हवी. तिच्या मागच्या पानांवर अटी असतात, त्यांची पूर्तताही दाखवावी लागू शकते. पर्यावरण संरक्षण नियमांत क्रशरसाठी सांगितलेले उपाय ठरलेले आहेत: धूळ अडवणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारात पक्के रस्ते, जमीन नियमित झाडून ओली ठेवणं, आणि कडेने झाडांचा पट्टा. आकड्यातली मर्यादा अशी की क्रशरपासून ४० मीटरवर हवेतल्या कणांचं क्रशरमुळे पडणारं प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. केंद्रीय मंडळाने २०२३मध्ये क्रशरसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांतली तपासणी-यादी घेऊन स्वतःच्या क्रशरवर एक फेरी मारा आणि फवारे चालू असतानाचे तारखेसह फोटो काढून ठेवा. गावाला धूळ नको असते आणि ते बरोबरच आहे. क्रशरवर दिवस काढणाऱ्या कामगाराच्या छातीत जाणारी सिलिकाची धूळ परत बाहेर येत नाही, सिलिकोसिस बरा होत नाही. फवारणीचा पंप ही माझ्या मते यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, निविदा मागो न मागो.

पंचायतीचा ना हरकत दाखला मागितला असेल तर पंचायतीच्या बैठकीची तारीख बघून अर्ज करा. ढीग म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याच्या आसपास असेल तर वन खात्याचं म्हणणं काय, हे खात्याने आधी घेतलंय का, ते विचारा. मोठे धोंडे सुरुंगाने फोडायची बाब बीओक्यूत असेल तर स्फोटक नियम २००८ खालचा परवाना आणि परवानाधारक शॉटफायरर (सुरुंग उडवणारा) लागतो. ही बाब नसेल तर हायड्रॉलिक ब्रेकर दाखवा आणि तसं स्पष्ट लिहा.

कामगारांची कागदपत्रं

भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी नोंदणीचे क्रमांक, भरणा केल्याच्या अलीकडच्या पावत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असल्या तरी निविदांच्या मसुद्यात जुन्या कायद्यांची नावं अजून दिसतात. निविदेत ज्या नावाने मागितलंय त्या नावाने उत्तर द्या आणि चालू नोंदणी जोडा. कामगार इतके कमी असतील की नोंदणी लागतच नाही, तर तसं शपथपत्र द्या. जागा कोरी सोडू नका.

हमीपत्रं, आणि नातेवाइकांची अट

काळ्या यादीत नसल्याचं, कागद खरे असल्याचं, प्रलंबित दाव्यांचं, अशी ठरलेली हमीपत्रं असतात. निविदेसोबतचा नमुना जसाच्या तसा वापरा, त्यातला शब्दही बदलू नका. जमिनीवरून सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांबाबतची घोषणा २०२० पासून आली आहे. पेडण्याचा क्रशरवाला म्हणेल याच्याशी माझा काय संबंध, पण ती जोडली नाही तर कागद अपुरा.

केंद्राच्या धर्तीवरच्या निविदांत एक अट अशी की त्या विभागात लेखापाल म्हणून किंवा कनिष्ठ अभियंत्यापासून अधीक्षक अभियंत्यापर्यंतच्या पदावर बोलीदाराचा जवळचा नातेवाईक असेल तर बोली भरता येत नाही. गोवा छोटा आहे, वाड्यावाड्यात कुणीतरी सरकारी नोकरीत आहे. ‘जवळचा नातेवाईक’ची व्याख्या वाचा, त्यात बसत असेल तर त्या विभागाची निविदा सोडा, दुसऱ्या विभागाची भरा. व्याख्येबाहेरचं नातं असेल आणि निविदा माहिती मागत असेल तर उघड लिहा.

बयाणा रक्कम

सगळे ईएमडी म्हणतात तीच, बोलीसोबत भरायची अनामत. केंद्राच्या वित्तीय नियमांत ती २ ते ५ टक्के, बांधकामाच्या निविदांत बहुधा २ टक्के, म्हणजे उदाहरणात ३ लाख. उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म आणि लघु उद्योजक माफी गृहीत धरतात, आणि इथे घोटाळा होतो. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणातली माफी केंद्राची खाती आणि उपक्रम यांच्या वस्तू व सेवांच्या खरेदीला आहे, बांधकामाच्या कंत्राटांना नाही. राज्याच्या खात्याची निविदा असेल तर त्या निविदेतच माफी लिहिलेली हवी. एकच खडी फोडण्याचं काम एक कार्यालय ‘सेवा’ म्हणून काढतं, दुसरं ‘काम’ म्हणून. कोणत्या शीर्षाखाली आहे ते पहिल्या पानावर बघा, आणि शंका राहिली तर रक्कम भरून मोकळे व्हा. ती परत मिळते.

बँक गॅरंटी दिली असेल तर मुदत बोलीच्या वैधतेपेक्षा किती जास्त मागितलीय ते मोजा, आणि मूळ प्रत सांगितलेल्या कार्यालयात सांगितलेल्या वेळेआधी पोचती करून पोच घ्या.

पोर्टलवर

सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेलं वर्ग ३चं डिजिटल प्रमाणपत्र, बोली भरणाऱ्याच्याच नावाचं. नेहमीची कागदपत्रं पोर्टलवरच्या तुमच्या दस्तऐवजांच्या जागेत आधीच चढवून ठेवता येतात. स्कॅन काळ्या-पांढऱ्यात, १०० डीपीआयला केलं की फाइल हलकी राहते. मात्र शिक्का आणि यूडीआयएन वाचता येतोय का ते मोठं करून बघा. बीओक्यूची एक्सेल फाइल उतरवून घ्या, फक्त रंगीत रकान्यांत भरा, नाव बदलू नका, रकाने हलवू नका. बदललेल्या फाइलची बोली नाकारली जाते. दर तांत्रिक लिफाफ्यात कुठेही दिसता कामा नये, भाडेकराराच्या मागच्या पानावरसुद्धा नाही.

वेळ पोर्टलच्या सर्व्हरची, तुमच्या घड्याळाची नाही. सत्तरीत किंवा सांग्यात पावसाळी ढग आले की वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून आदल्या दिवशी बोली दाखल करा. मुदत संपेपर्यंत ती बदलून पुन्हा दाखल करता येते.

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर

खातं त्रुटीपत्र पाठवू शकतं. बोलीच्या तारखेला अस्तित्वात असलेला कागद, जो जोडायचा राहिला, तो सहसा चालतो. नंतर तयार केलेला चालत नाही. म्हणून सगळ्या मूळ प्रती एका फाइलमध्ये तयार ठेवा आणि ईमेल रोज बघा, उत्तराला मोजकेच दिवस मिळतात.

अपात्र ठरवलं तर कारण पोर्टलवरच्या तांत्रिक तपासणीच्या निकालात दिसतं. दराचा लिफाफा उघडण्याआधी लेखी हरकत घ्या, अटीचा क्रमांक आणि तुमच्या कागदाचा पान क्रमांक देऊन. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये पोद्दार स्टील प्रकरणात अटींचे दोन प्रकार केले: पात्रतेच्या मुळाशी जाणाऱ्या अटी, आणि मुख्य हेतूला पूरक अशा अटी. त्या प्रकरणात बयाणा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने किंवा रोख मागितला होता आणि बोलीदाराने दुसऱ्या बँकेचा प्रमाणित धनादेश दिला होता. अशी पूरक अट शिथिल करायचा अधिकार खात्याला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तुमची त्रुटी या दुसऱ्या प्रकारातली असेल तर हरकतीत ते मांडा. अनुभवाचा दाखला किंवा संमतीच नसेल तर या निकालाचा आधार मिळणार नाही.

हरकतीला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली तपासणी समितीचं टिपण आणि पात्र ठरलेल्या बोलीदारांचे अनुभवाचे दाखले मागा. काम कुणालाही मिळालेलं असो, कोणता दाखला कोणत्या शब्दांत लिहिलेला होता आणि तो का मान्य झाला, हे त्या कागदांत दिसतं. चालू कामाचा पुढचा दाखला मागायला जाल तेव्हा ती प्रत सोबत न्या.